शिगेवरची मूठ

अक्काच्या गावच्या बाजारातली तूरडाळ मी पहिल्यांदा काट्यावर ठेवली ती संशयाने नव्हे, सवयीने. मी सत्तावीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी तुरटी, मोरचूद, सोडा दशांश ग्रॅमपर्यंत तोलून ठेवायचं हे माझं काम. ती सवय घरी येते. आमच्या ओट्यावर एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि बाहेरून आलेली पिशवी डब्यात रिकामी होण्याआधी त्याच्यावरून जाते. आमचे हे म्हणतात, "आमच्याकडे पाहुणासुद्धा काट्यावरून आत येतो."

त्या दिवशी पिशवीत पाच मापं डाळ होती. मापाला एकशेसाठ रुपये. सोलापुरात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सुटी तूरडाळ तेव्हा एकशेबासष्ट रुपये किलो होती. म्हणजे मापामागे दोन रुपये वाचले, असं धरून मी चालले होते. डाळ दोन खेपांत तोलली, बेरीज आली सहा किलो सातशे ग्रॅम. मी काटा पुसून पुन्हा तोलली. तेच. किलोला एकशेएकोणीस रुपये चाळीस पैसे पडले होते. म्हणजे किलोमागे साडेबेचाळीस रुपयांचा फरक, आणि तो मला आजवर माहीत नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आमचं माहेर अक्कलकोटचं. घरात आई मराठी बोलायची, आजोबा कन्नड, आणि आम्ही ज्याला जे हवं ते. एकोणिसाव्या वर्षी अक्काला सीमेपलीकडच्या गावात दिली. पलीकडे म्हणजे पाट्या कन्नड होतात, बसचा रंग बदलतो, एवढंच. माझ्या सोलापूरच्या दारापासून तिचं दार बासष्ट किलोमीटर. मेहुणे गेल्यावर अक्काने पुढच्या दोन खोल्यांत खानावळ घातली, त्याला आता अकरा वर्षं झाली. शाळेतले परगावचे मास्तर, बँकेतले कारकून, डाळ-मिलचे हमाल, मुक्कामाच्या बसचे ड्रायव्हर. साठ रुपयांत भाकरी, भाजी, शेंगाचटणी आणि आमटी, जिला ती लोकं ब्याळी म्हणतात. भाकरी आणि ब्याळी पोट भरेपर्यंत. रोज पंचेचाळीस पानं, आठवड्याचे सहा दिवस. रविवारी मिल, शाळा, बँक बंद आणि गावचा बाजार, म्हणून रविवारी खानावळ बंद ठेवून अक्का आठवड्याचा माल भरायची.

सहा किलो सातशेचं गणित मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली.

"अगं तंगी, माप म्हंजे माप. किलो कुटं म्हणाली ती डाळवाली तुला?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी मी तंगीच.

"पण मग मापात नक्की किती बसतं?"

"जेवढं बसंल तेवढं. लई मोजतीस बाई तू. मोजून मोजून डाळ शिजत न्हाई."

पुढच्या रविवारी मी डाळवालीसमोर उभी राहून नीट पाहिलं. साठीची बाई, सगळे तिला अव्वा म्हणत. चार एकर तूर, डाळ घरीच भिजवून, तेल चोळून, उन्हात वाळवून भरडलेली. साल थोडं राहिलेलं, रंग मिलच्या डाळीइतका पिवळाधमक नाही. तिच्याकडे लोखंडी माप होतं, कडेला पोचा आलेला. ती ते डाळीच्या ढिगात खुपसायची, वर शीग चढवायची, शीग ढासळायला लागली की थांबायची आणि पिशवीत ओतायची. मग आपल्या हाताने एक मूठ वर टाकायची. त्या मुठीला तिकडे कोसरु म्हणतात. कोसरु मागावा लागत नाही. नाही टाकला तर मात्र गिऱ्हाईक पिशवी मिटत नाही, तशीच उघडी धरून उभं राहतं. अक्काच्या प्रत्येक मापावर दोन मुठी पडत होत्या.

"हिला दोन का?" मी कन्नडमध्ये विचारलं.

"ती गावाला जेवायला घालते," अव्वा म्हणाली, जणू मी विचारायलाच नको होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं मी केलं.

आमच्या अपार्टमेंटचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पाणी कधी येणार, लिफ्ट कुणी उघडी ठेवली, हे त्याच्यावर चालतं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे ग्रुप सगळे वाचतात. त्या महिन्यात डाळीच्या भावावरून बरीच कुरकुर चालली होती. मी एक तक्ता करून टाकला. डावीकडे वस्तू, मग सोलापूरचा दर, मग सीमेपलीकडच्या बाजारातला दर, मापाचं वजनात रूपांतर करून, शेवटी फरक. तूरडाळ, ज्वारी, शेंगदाणे, गूळ, सुकी मिरची. आकडे खरे होते. प्रत्येक वस्तू मी तीन-तीनदा तोलली होती. खाली टीपही लिहिली होती: "प्रवासखर्च धरलेला नाही."

तिसऱ्या मजल्यावरचे काका डेपोतून निवृत्त झालेले. त्यांना गाडी भरायची सवय आहे. त्यांनी संध्याकाळपर्यंत नऊ सीटांची गाडी ठरवली, माणशी एकशेऐंशी रुपये.

"मॅडम, तुम्ही कंडक्टर," ते मला म्हणाले. "कानडी तुम्हालाच येतं. आम्ही आपलं बोट दाखवणार."

पहिल्या फेरीला मजा आली, हे मला नाकारता येणार नाही. अक्काने सगळ्यांना चहा दिला. अव्वाचा ढीग साडेअकराला संपला आणि तिने शेजारच्या बाईकडून पोतं उसनं आणलं. परतताना डिकीत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीत पिशव्या उतरवताना किराणावाल्याने दुकानातूनच विचारलं, "ताई, लग्न आहे का कुणाचं?" काका म्हणाले, "बाजाराला गेलो होतो." तो पोत्यांकडे पाहून म्हणाला, "असू दे. मीठ तरी माझ्याकडचं न्या." मी त्याच दिवशी दोन पुडे मीठ नेलं. गरज नव्हती.

भांडण त्याच रात्री जेवणाआधी झालं. सगळे आपापली डाळ माझ्या काट्यावर तोलायला खाली आले होते. माझ्या मापाचं वजन एक किलो तीनशेचाळीस. काकांचं एक किलो दोनशेतीस. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं एक किलो एकशेनव्वद.

"मॅडमचा वशिला आहे," काका म्हणाले. हसून म्हणाले, पण म्हणाले.

"तुम्हाला कोसरु टाकला नाही तिने," मी सांगितलं. "तुम्ही पिशवी लगेच मिटली असणार."

"म्हणजे पिशवी मिटायची पण परीक्षा का? एकाच पैशात कुणाला जास्त, कुणाला कमी, हे बरोबर आहे का? तुम्हीच सांगा, तुम्ही वजनमापातल्या."

मला ते बरोबर वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. एकाच दिवशी, एकाच मापात, एकशेपन्नास ग्रॅमचा फरक. प्रयोगशाळेत एवढी चूक झाली तर मी बाटली ओतून टाकते. मी म्हटलं, "पुढच्या वेळी तोलून घेऊ."

तोलायला अव्वाकडे काटाच नव्हता. मग सगळ्यांनी वर्गणी काढली आणि तीस किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. दुकानातून मीच निवडला. कॉलेजातलं पाचशे ग्रॅमचं प्रमाणित वजन एका शनिवारी घरी आणून मी तो तपासला. शून्य ग्रॅमची चूक. रविवारी काकांनी तो अव्वाला दिला, वर नारळ ठेवून. तिने काट्याला हळद लावली आणि मला विचारलं, "यव्वा, किलोला किती सांगू?" यव्वा म्हणजे आई; बाईमाणसाला तिकडे अशीच हाक मारतात.

मी गणित करूनच गेले होते. सोलापूरकरांना मापामागे मिळालेलं सरासरी वजन धरलं. "एकशेतीस सांग," मी म्हटलं. "तुझं नुकसान नाही, आमचं नाही."

तिचं नुकसान नव्हतं. आमचंही नव्हतं. तिसरं कुणी आहे हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

एका ढिगाला दोन दर चालत नाहीत. अव्वाने दोन रविवार प्रयत्न केला, गावच्यांना माप, आमच्यांना काटा. पण वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या बाईला शीग लावून दिलं, मग आम्हाला पण तसंच द्या." अव्वाला मराठी कळत होतं. तिने माप उलटं करून पोत्यामागे ठेवलं. त्यानंतर मी ते तिच्या हातात पाहिलं नाही.

आणि मग दर चढायला लागला. एकशेतीस, एकशेछत्तीस, एकशेचाळीस. दर वेळी चार-सहा रुपये, त्यामुळे गाडीत कुणाला खुपलं नाही; सोलापूरपेक्षा कमीच होतं. मी तक्ता दर महिन्याला नवीन करत होते. तो आमच्या ग्रुपवरून काकांच्या साडूंच्या सोसायटीत गेला, तिथून एका पतसंस्थेच्या ग्रुपवर, तिथून कुठे ते मला माहीत नाही. रविवारी सोलापूरच्या चार गाड्या बाजारात उभ्या राहू लागल्या.

एका रविवारी मी शेंगदाणे घेत होते. व्यापारी म्हणाला, एकशेतीस. मी म्हटलं, गेल्या महिन्यात एकशेपंधरा होते, एवढे कसे वाढले? त्याने भांडण केलं नाही. खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. त्याच्या स्क्रीनवर माझा तक्ता होता. माझा फॉन्ट, माझी टीप, प्रवासखर्च धरलेला नाही.

"ह्यात सोलापूर एकशेअडतीस लिहिलंय की ताई," तो म्हणाला. "तरी आठ कमीच लावलेत."

तो तक्ता कुणी केला हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. शेंगदाणे घेतले आणि अक्काकडे गेले.

अक्का ओसरीत बसून ज्वारी पाखडत होती. माल भरायची वेळ होती, पण तिच्या पिशव्या भिंतीला घडी घालून ठेवलेल्या होत्या.

"गेली नाहीस बाजाराला?"

"जाऊन आले. अर्धंच आणलं." मग म्हणाली, "तंगी, तू लई शिकलेली. मला एक सांग. माझी बारा मापं सोळा किलो भरत होती व्हय?"

"हो. सोळाच्या थोडी वर."

"आता सोळा किलोला किती?"

त्या दिवशी डाळीचा दर एकशेअठ्ठेचाळीस होता. मी तोंडीच सांगितलं. आधी एकोणीसशेवीस, आता दोन हजार तीनशेअडुसष्ट.

"आणि ज्वारी अडतीसची शेहेचाळीस झाली," ती म्हणाली. "शेंगा तर तू बघूनच आलीस."

मी तिच्या जात्याशेजारी बसून तिचा सगळा आठवडा मांडला. ज्वारी त्र्याहत्तर किलो, डाळ सोळा, शेंगदाणे साडेचार. आठवड्याला अकराशे रुपये वाढले होते. दोनशेसत्तर पानांवर वाटले तर पानामागे चार रुपये. अक्काला पानामागे सात रुपये राहत होते. आता तीन.

"पानाचे पासष्ट कर," मी म्हटलं.

"केले होते. आठ दिवस. हमाल यायचे बंद झाले. मिलच्या मागं बसून घरची कोरडी भाकरी खाल्ली त्यांनी पाण्यात बुडवून. मी बघून आले. परत साठ केले."

"मग दुसऱ्यांदा ब्याळी वाढायची बंद कर."

तिने सूप खाली ठेवलं. "बोलवून जेवायला बसवलेल्या माणसाला पुरे म्हणू? मी न्हाई म्हणणार. तू हितं उभी राहून म्हण."

मग तिने ते सांगितलं जे मला आधी कळायला हवं होतं. अव्वाची शीग आणि मूठ ठरलेली नव्हती, पण मनमानीही नव्हती. बारशाच्या घराला जास्त. दुखवट्याच्या घराला न मागता तीन मुठी. ज्याच्या शेतात अव्वाची म्हैस चरते त्याला जास्त. ज्याने मागच्या वेळी खोटी नोट दिली त्याला काठोकाठ आणि बस्स. पाव माप घेणाऱ्या बाईलासुद्धा मूठ तेवढीच, त्यामुळे पाव माप घेणारीला ती सगळ्यात मोठी पडायची. मी फरक मोजला होता आणि त्याला चूक म्हटलं होतं.

"तुला कळलं होतं का तक्ता माझा आहे?" मी विचारलं.

"गावात कानडीतून मराठीत हिशेब करून ग्रॅम लिहिणारी दुसरी कोण हाय?" अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मीच बोलवली की तुला. डाळ स्वस्त हाय, ये म्हणून. तुझ्या एकटीचं काय गं."

घरी आल्यावर मी आमचाही हिशेब केला. आम्ही महिन्याला एका फेरीत बारा किलो डाळ आणतो. किलोमागे चौदा रुपये वाचतात, म्हणजे एकशेअडुसष्ट. सीटचे एकशेऐंशी. डाळीवर आम्ही बारा रुपये तोट्यात होतो. ज्वारी, शेंगा, गूळ धरून शेवटी शंभर-सव्वाशे हातात राहत होते. आमचे हे ऐकून म्हणाले, "पण फिरणं होतं." गाडीतल्या सगळ्यांचं हेच उत्तर असणार हे मला ठाऊक होतं.

मी ग्रुपवर लिहिलं की तक्ता बंद करते आहे, कृपया पुढे पाठवू नये, तिथल्या लोकांना भाव परवडेनासे झाले आहेत. खाली सात जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. काका जिन्यात भेटले.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका. आपण काही चोरी केली का? रोख पैसे मोजून आणतो. उलट त्या म्हातारीचं भलं झालं."

ते खोटं नव्हतं. अव्वाने घरावर नवे पत्रे घातले होते. नातीला कलबुर्गीच्या कॉलेजात घातलं होतं. पण डाळ तिची तेवढीच पिकत होती, चार एकरांची. बाकीची ती आता मिलमधून आणून ढिगात मिसळत होती. मी चवीवरून ओळखलं.

मी तिच्याकडे गेले. अक्कासाठी तरी माप काढ, म्हटलं. सकाळी लवकर, गाड्या यायच्या आधी.

अव्वाने काट्यावर सांडलेली डाळ झाडली. "तुम्हीच तर म्हणालात यव्वा, सगळ्यांना सारखं. आता तिला चोरून देऊ? ती घेईल का विचार."

अक्काला विचारायची गरज नव्हती.

मग मी एक उपाय केला, ज्याचा मला तेव्हा अभिमान वाटला. सोलापूरच्या मार्केट यार्डात ठोक भावात तूरडाळ एकशेएकोणचाळीसने मिळत होती. अक्काच्या बाजारापेक्षा नऊ रुपये स्वस्त. मी सोळा किलोचं पोतं घेतलं आणि रविवारी त्याच नऊ सीटांच्या गाडीतून सीमेपलीकडे नेलं. काकांनी पोतं पाहिलं. "मॅडम, हे म्हणजे तुळजापूरला कवड्या विकायला नेण्यासारखं झालं," ते म्हणाले आणि सगळी गाडी हसली. मीही हसले. तुरीच्या मुलखात मी डाळ घेऊन चालले होते आणि त्याच गाडीतून माझे शेजारी डाळ आणायला चालले होते.

तीन आठवडे असं केलं. चौथ्या आठवड्यात अक्काने फोन केला.

"आता आणू नकोस. शिजायला वेळ लागतोय, गॅस जास्त जातोय. आणि ड्रायव्हर विचारतात, अक्का, ब्याळी बदलली का. कुटनं आणली म्हणून सांगू? गावात लोक हसतेत की गं. तूर आमची आणि डाळ सोलापूरची."

"मग काय करणार आहेस?"

"तू ये. हिशेब करायचाय."

तिने सगळं ठरवलेलं होतं, फक्त आकडे माझ्या तोंडून हवे होते. काकांनी मागच्याच रविवारी तिला विचारलं होतं म्हणे, की बाजाराहून परतताना आम्हाला इथेच जेवायला मिळालं तर बरं, सोलापूरला हॉटेलात दोनशे घेतात, तुम्ही एकशेवीस घ्या. चार गाड्या, छत्तीस माणसं. मी खर्च धरला. भाकरी, दोन भाज्या, ताक, पापड. पानामागे पंचावन्न रुपये सुटत होते. छत्तीस पानांचे एकोणीसशेऐंशी. भाववाढीच्या आधी सहा दिवस पंचेचाळीस पानं घालून तिला एकोणीसशेच्या आत मिळत होते. आता तर आठशेही नाहीत.

अक्का एकोणसाठ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. रोज पहाटे चारला उठून दीडशेच्या आसपास भाकऱ्या थापते. मी आकडा पुन्हा तपासला. चूक नव्हती.

"रविवार एकच दिवस कर," मी म्हटलं. "बाकीचे दिवस बंद."

"तूच म्हणतीस?"

"हिशेब म्हणतो."

"हिशेब कोण करतंय?" अक्का म्हणाली, आणि चूल सारवायला उठली.

पहिला रविवार परवा झाला. मी मदतीला आदल्या दिवशीच गेले होते. सकाळी मास्तरांपैकी एकाने येऊन भिंतीवर खडूने कन्नडमध्ये आणि मराठीत लिहून दिलं, थाळी एकशेवीस. साडेबाराला गाड्या आल्या. ओसरीभर पिशव्या, पोती, मिरच्यांचा वास, खोकला. काकांनी पहिला घास घेऊन वहिनींना म्हटलं, "ह्याला म्हणतात आमटी." वहिनींनी भाकरी मऊ आहे म्हणून कौतुक केलं आणि घरी न्यायला दहा कडक भाकऱ्या मिळतील का विचारलं. अक्का त्यांना वाढत होती, हसत होती. चार भाषांतल्या गिऱ्हाइकांशी हसायची तिला सवय आहे.

दीडच्या सुमारास दारात एक हमाल आला. त्याला मी ओळखते. मिलमध्ये पोती उचलतो, बायको-पोरं अफजलपूरकडे, अकरा वर्षं दुपारी अक्काकडेच जेवला आहे. रविवारचा बाजार करून चालला होता. खानावळ उघडी पाहून त्याला आश्चर्य वाटलं. चप्पल काढायला वाकला आणि भिंतीवरचं वाचून तसाच थांबला.

"इदेनु अक्का?" हे काय, त्याने विचारलं.

"सोलापूरची पावणी हायत," अक्का म्हणाली.

"असू दे. मी नाळे येतो की." नाळे म्हणजे उद्या.

अक्काच्या हातात ब्याळीचं भांडं होतं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नाळे न्हाई. आता रोजचं बंद केलंय. मास्तरला सांगायला सांगितलं होतं तुला."

त्याने आत पंगतीकडे पाहिलं. काका दुसऱ्यांदा वाढून घेत होते. मग अगदी साध्या आवाजात, तक्रार नसलेल्या, वेळ विचारावी तशा आवाजात त्याने विचारलं, "मग आमी कुटं जेवायचं?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी आकडे सांगणारी होते.

त्याने चप्पल पायात सरकवली. "असू दे अक्का. गुडघ्याला तेल लाव," म्हणाला आणि बसस्टँडच्या दिशेने गेला. अक्का भांडं घेऊन पंगतीकडे वळली. वहिनींनी वाटी पुढे केली होती.

संध्याकाळी गाडीत काकांनी मला विचारलं, पुढच्या रविवारी किती पानं सांगू? मी म्हटलं, मला नका विचारू. ते म्हणाले, मग कुणाला विचारू मॅडम, तुम्हीच तर मोजता. मी खिडकीकडे तोंड केलं. अक्कलकोटच्या पुढे गाडी डिझेल भरायला थांबली तेव्हा मी अक्काला फोन लावला. तिने उचलला नाही. भांडी घासत असेल. छत्तीस ताटं, छत्तीस वाट्या, त्याच्या दुप्पट पेले. मी मोजत राहिले आणि ती उचलेपर्यंत तो वाजत राहू दिला.

"काय गं तंगी," तिचा आवाज दमलेला होता.

"तो परत आला का?"

"न्हाई."

"उद्या स्वतःपुरत्या थापशील तेव्हा दोन भाकऱ्या जास्त थाप आणि मिलवर पाठव त्याला."

"एकट्याला?" अक्का म्हणाली. "पंचेचाळीस हायत गं ते."